शेततळ्यातलं जहाज
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला चांदूर बाजारच्या वाटेवरचं, तळाकाठाला प्लास्टिक अंथरलेलं ते शेततळं आठवतं. अमरावतीला उन्हाळ्यात आम्हा इंजिनीअरांसाठी युद्धनौका बांधणीचा कोर्स होता. वऱ्हाडात समुद्र कुठला, म्हणून सरांनी आम्ही बनवलेलं हातभर लांबीचं नमुन्याचं जहाज तरंगवायला तिथं नेलं. भर दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं, तरी ते रिकामं जहाज हळूहळू एका कोपऱ्यात गेलं आणि एका अंगाला कललं, जणू कुणी त्याचा काठ धरला होता. "वजन कोणी ठेवलं?" सर ओरडले. कुणीच ठेवलं नव्हतं. मी जहाजाला बांधलेली दोरी ओढायला लागले, तशी आमच्यासाठी पाणी घेऊन आलेली शेताची मालकीण म्हणाली, "ओढू नको, बाई. त्याच कोपऱ्यात माही पोरगी बुडाली. प्लास्टिकवरून हात निसटत होता तिचा, धराले कायीच नोतं. राहू दे थोडा वेळ." मी दोरी सैल सोडली. बऱ्याच वेळानं जहाज हळूच सरळ झालं. आता मी काम करते त्या गोदीत खऱ्या जहाजाचा कल मोजण्याआधी, माणसांच्या वजनानं माप चुकू नये म्हणून, सगळ्यांना खाली उतरवतात आणि "वर कुणी राहिलं नाही ना?" असं विचारतात. मी मात्र आधी गोदीच्या कठड्यावरून वाकून खाली पाण्यात बघते.