बिनदाराचा डबा

साखर कारखान्यात दोन गोष्टी साठतातच. मळी आणि किस्से! मळीला निदान टाकी असते, किस्से आम्हा पेन्शनरांच्या पोटात. मी आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपात ट्रेसर होतो, म्हणजे साहेबांचे नकाशे पातळ कागदावर गिरवणारा. आज फक्त डब्याचे सांगतो. नाहीतर चहा गार व्हायचा.

*

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. शेतातून ऊस आणायला कारखान्याची स्वतःची छोटी रेल्वे होती आणि माणसंही त्याच उसावर बसून यायची. गाडीची चाल अशी, की वाटेत उतरून कुणाच्या मळ्यातली दोन वांगी तोडावीत आणि त्याच गाडीत पुन्हा चढावं!

माणसांसाठी वेगळे डबे करायचं ठरलं. थोरले साहेब, म्हणजे आमचे मुंबईचे गोरे डायरेक्टर, म्हणाले, "विलायतेहून मागवा." मॅनेजरसाहेबांनी नुकतीच खादी धरली होती. ते म्हणाले, "इथंच बनवू." शेवटी तडजोड झाली. नमुन्याला एक तिकडचा, एक इकडचा. थोरल्या साहेबांना जो पसंत पडेल, तसले आणखी चार. विलायती पास झाला तर आमच्या सुतारशाळेला कुलूप!

सुतारशाळेचा मुख्य लहानू मिस्त्री शनीच्या शिंगणापूरचा. तो ऐकून म्हणाला, "आमच्या गावात कुलूप कसलं असतं ते बी ठावं न्हाई, आन् हितं माज्या पोटालाच लावाय निघालेत!"

*

विलायती डबा भल्यामोठ्या खोक्यातून आला. आमचे रहीमचाचा फिटर विलायती मालाचे एवढे भक्त, की विलायती स्क्रूला हात लावण्याआधी ते हात धुवायचे. डब्याच्या लाकडावरून हात फिरवत म्हणाले, "देखो मिस्त्री! असं लाकूड तुझ्या बापानं तरी बघितलं होतं का?"

लहानूनं वाकून वास घेतला. "सागवान हाय, चाचा. आपलंच पोरगं. विलायतेला शिकून परत आलंय!"

तेव्हा लाकडाची मारामार होती. म्हणून त्या खोक्याच्या फळ्या काढून लहानूनं आपल्या डब्यातली बाकं केली. आता कुठला डबा देशी आणि कुठला विलायती, ते तुम्हीच ठरवा!

*

विलायती डब्याची पहिली फेरी ऊसतोडीच्या माणसांना घेऊन झाली. आत आरशासारखं पॉलिश. सगळ्यांनी शिस्तीत खाली वहाणा काढल्या, देवळात शिरावं तसे आत गेले, आणि गाडी सुटली! वहाणा रुळाकडेला रांगेनं बसलेल्या.

संध्याकाळी त्यांतलीच काष्टी गावची एक म्हातारी अनवाणी पाय घासत सुतारशाळेत आली. "मिस्त्री, तुमचा डबा कवा हुतोय? त्यात तरी पायतान घालू द्या!"

लहानू त्या दिवशी दुप्पट जोरानं रंधा मारत होता.

*

थोरले साहेब येणार, त्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरसाहेब लहानूचा डबा बघायला आले. रंग झकास, बाकं भक्कम. त्यांनी डब्याला एक फेरी मारली. मग दुसरी मारली.

"मिस्त्री, दारं कुठायत?"

"दारं?" लहानूनं डब्याकडे बघितलं. डब्याला दारं खरंच लागतील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं! जन्मभर बैलगाड्या केल्या, पेरणीच्या तिफणी केल्या. दार करायची वेळ त्याच्या गावात कधी कुणावर आलीच नव्हती.

"अहो, नकाशात दाखवली होती ना!" मॅनेजरसाहेब ओरडले.

"ते व्हय? मला वाटलं, नकाशा काढनाऱ्याला दारं काढायची सवय असंल."

काढणारा मी! मला हसू आलं, पण लहानूचा चेहरा बघून ते विरलं. आता दारं करायला वेळ नव्हता. सुतारशाळेतली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तो आपल्या हातांकडे. फार वाईट वाटलं मला.

*

थोरले साहेब आले, ते ऐन उन्हाच्या वेळी. विलायती डब्यात एकटेच ऐटीत बसले, दार ओढून घेतलं आणि गाडी सुटली. परत आले, तर दार उघडेना! वाटेतली सगळी धूळ कुलपात जाऊन बसली होती. काचाही जाम. आत साहेब टोमॅटो झालेले.

रहीमचाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावले, पण हात चालेना. "विलायती माल आहे साहेब, तोडायचा कसा?"

आतून आवाज आला, "तोड़ो!"

लहानूनं पहार घातली आणि दार चौकटीसकट खाली आलं. साहेब बाहेर पडले, ते समोरच्या पहिल्या सावलीत जाऊन बसले. ती सावली लहानूच्या डब्यातली होती. गाडी सुटली. दोन्हीकडून वारा! साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पण उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "दरवाजा नहीं है. सोचेगा." आणि मोटारीत बसून निघून गेले.

मॅनेजरसाहेबांनी राग दारावर काढला. "तूच तोडलंस, तूच घरी ने!" लहानूनं ते बैलगाडीत घालून शिंगणापूरला नेलं.

*

सोचता सोचता पाऊसकाळ गेला. सुतारशाळेत जो तो दुसरीकडं काम बघायला लागला. आणि एका शनिवारी थोरले साहेब अचानक हजर! म्हणाले, मॅनेजरनं पत्रात लिहिलेलं ते मिस्त्रीचं बिनदाराचं गाव बघायचंय. मोटारीत साहेब, मॅनेजरसाहेब, आणि वाट दाखवायला मी.

साहेबांनी सगळं गाव बघितलं. लहानूच्या घरापुढे थबकले. ते विलायती दार चार पायांवर आडवं, पितळी मूठ लखलखीत, आणि वर शेवया वाळत घातलेल्या!

"इसको खड़ा क्यों नहीं किया?" साहेबांनी विचारलं.

लहानूनं हात जोडले. "उभं केलं तर गाव म्हनंल साहेब, लहानूकडं चोरन्याजोगं कायतरी आलंय!"

मी भीत भीत हिंदीत सांगितलं. साहेब पोट धरून हसले. शेवया बाजूला सारून त्याच दारावर बसले, लहानूच्या बायकोनं दिलेला चहा प्याले, आणि म्हणाले, "मिस्त्री, और चार डिब्बा बनाओ."

लहानूनं कानामागची पेन्सिल काढून भिंतीवरच मापं मांडायला घेतली. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनी हळूच विचारलं, "सर, और दरवाजा?"

साहेबांनी बशी खाली ठेवली.

"दरवाजा लगाएगा, तो हम बाहर कैसे आएगा?"