पितळी मुठींची कारणे

माणूस गुन्हा का करतो, याचे उत्तर हल्ली कोणापाशीही तयार असते. बालपणी माया मिळाली नाही. किंवा फार मिळाली. बाप कडक होता; किंवा बापाचा धाकच नव्हता. मी या विषयाची पदवी रीतसर घेतलेली आहे, आणि म्हणूनच माझी तक्रार आहे की ज्यात काहीही कोंबले तरी मावते, ते स्पष्टीकरण नव्हे, पोते होय. ही तक्रार मी अनेक संपादकांकडे धाडली. एकानेही छापली नाही. तेव्हा आता सिद्धान्त बाजूला ठेवून भावजींविषयीच लिहितो.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून नंबर काढायचा, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. अंगाने किडकिडीत, बोलायला मवाळ. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. ताई म्हणत असे, 'आमचे हे घरात आहेत की नाहीत, ते खोकल्यावरच कळतं.'

अशा माणसाला चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने कपाटाची पितळी मूठ कोटाच्या खिशात टाकताना पकडले. पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून बिस्किटांचा डबा भरून मुठी निघाल्या. गोल, चौकोनी, फुलाच्या घाटाच्या. एकीलाही कपाट नव्हते. गरज म्हणावी तर तीही नव्हती. डबा पाहून ताई आधी रडली आणि मग म्हणाली, 'आणि इथे स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची मूठ तुटून वर्ष झालं. दोरी बांधून ओढतेय मी.'

दोष सिद्ध झाला असता तर दुकानाचा परवाना जाणार होता, आणि दुकान गेल्यावर भावजींचे काय उरले असते, हे सांगायला पदवी लागत नाही. वकिलांनी वाट काढली. ही चोरी नसून आजार आहे, आपण काय करतो याचे भान त्यांना नव्हते, असे तज्ज्ञाने लिहून द्यावे आणि भावजींनी ते न्यायालयात मान्य करावे; मग शिक्षा नाही, उपचार, आणि परवाना शाबूत.

नेमलेले मानसशास्त्रज्ञ तरुण होते, सभ्य होते, वहीत फार लिहीत. काही बैठका घरीच झाल्या. त्यांतल्या एकीत त्यांनी निष्कर्ष सांगितला: मूठ म्हणजे दार, आणि लहानपणी या मुलाला कोणीतरी बंद दाराबाहेर ठेवलेले असणार. कोपऱ्यात ताईच्या सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

'कुठलं दार?' त्या म्हणाल्या. 'आमच्या त्या घरात खोल्यांना पडदे होते. कोंडायचं म्हटलं असतं तरी बाळला कोंडणार कशात?'

तज्ज्ञांनी वहीतले काही खोडले. मग त्यांचा चेहरा उजळला. 'तेच तर! दारच नव्हतं, म्हणून मुठीची ओढ.'

सासूबाई ताईकडे वळल्या. 'याला जेवायला थांबव गं. पोटात काही नसलं की माणसाला काहीही सुचतं.'

मी तज्ज्ञांना तर्कातला दोष सविस्तर समजावून दिला. दार असले तरी तेच कारण आणि नसले तरी तेच, तर मग दाराचा संबंध काय? त्यांनी अत्यंत आदराने उत्तर दिले की नातेवाईक बहुधा असेच नाकारतात. म्हणजे मीही पोत्यात जमा.

मात्र अन्याय कोणावरच करू नये. अहवालाच्या शेवटी त्यांनी असेही लिहिले होते की वस्तू उचलण्यापूर्वी ताण चढतो, उचलल्यावर उतरतो आणि मागाहून लाज वाटते. एवढा भाग मी वाचून दाखवला, तेव्हा भावजींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि होकारार्थी मान हलवली.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश बाईंनी विचारले की अहवाल मान्य आहे का. वकिलांनी खुणेने 'हो' म्हणायला सांगितले. ताईने माझे मनगट घट्ट धरले.

'शेवटचं पान मान्य आहे, बाईसाहेब,' भावजी म्हणाले. 'दाराचं नाही. पडदे होते, आणि मी मजेत होतो. आणि भान नव्हतं हेही खरं नाही. मला कळत होतं.'

वकिलांनी कपाळाला हात लावला.

'कळत होतं, तर मग का करत होतात?' बाईंनी विचारले.

भावजींनी चष्मा नीट बसवला. 'दिवसभर माणसं माझ्यासमोर बसतात आणि माझ्या मागच्या पाटीवरची अक्षरं वाचतात. मी कोणाला दिसत नाही. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण त्या दुकानात पहिल्यांदा वाटलं, की न दिसण्याचाही काही उपयोग आहे.'

मागे कोणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुकानदाराला त्याचे म्हणणे विचारले.

'मला काय, मुठी परत मिळाल्या,' तो म्हणाला. 'पण यांचं दुकान बंद करू नका. दुसऱ्या कोणाच्या चष्म्यातून मला खिळा आणि स्क्रू सारखेच दिसतात. उद्या गिऱ्हाईक मलाच चोर म्हणायचं.'

निकाल असा लागला की भावजी दोषी, कारण तसे त्यांनीच सांगितले. परंतु पहिलाच गुन्हा म्हणून ताकीद, वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीची हमी, उपचार चालू, आणि परवान्याला धक्का लागू नये असा स्पष्ट शेरा. ताईने मनगट सोडले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे गल्लीतली मंडळी अजून मला ऐकवतात. भावजीही ती गेल्याचा दावा करत नाहीत. त्या तरुण तज्ज्ञांनी कारण शोधणे थांबवले आणि ओढ उठली की ती घरच्या एका माणसाला सांगत चला, एवढेच शिकवले. याचे श्रेय मी त्यांना देतो, नाइलाजाने का होईना. भावजी आता हार्डवेअरच्या दुकानात शिरताना मोठ्याने नमस्कार करतात. दुकानदार गल्ल्यावरून ओरडतो, 'या, नंबरवाले! दिसलात बरं का!' आणि दोघेही हसतात.

संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्यावर ते कधीकधी ताईला सांगतात, 'आज वाटलं होतं.'

'मग?'

'मग काही नाही. एक आजोबा आले नंबर काढायला.'

'बरं झालं,' ती म्हणते, आणि पाने वाढायला घेते.