मोठ्यांना होत नाही म्हणे

बसस्थानकावर तिला सगळे ‘आवाजबाई’ म्हणत. काचेच्या इवल्याशा खोलीत बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. तिचा खोकला सुरू झाला तेव्हा एका डॉक्टरांनी धुळीला दोष दिला, दुसऱ्यांनी ॲलर्जी सांगितली. औषधाच्या बाटल्या संपल्या, खोकला हटेना. उबळ आली की चेहरा लालबुंद व्हायचा, श्वास ओढताना घशातून शिट्टीसारखा आवाज निघायचा आणि खाल्लेलं उलटून पडायचं. एकदा तर गाडीचं नाव सांगितलं आणि फलाट सांगायच्या आतच ती खोकत सुटली. प्रवासी सैरावैरा धावले. एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, “आवाजबाई, इंजिन दाखवून घ्या एकदा.” तिला हसू आलं नाही.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाकातला नमुना तपासायला पाठवला. डांग्या खोकला निघाला.

“तो तर लहान मुलांना होतो ना?”

“लहानपणीच्या लसीचा जोर वयानुसार ओसरतो. मोठी माणसं निभावून नेतात, तान्ह्या बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतं. घरात बाळ आहे?”

भावाची मुलगी अडीच महिन्यांची होती, आणि गेल्याच आठवड्यात हिने तिला मांडीवर खेळवलं होतं. बाहेर येऊन तिने लगेच भावाला फोन लावला.

“कालपासून खोकतेय ती,” भाऊ म्हणाला.

“दीड महिन्याची लस दिली होती ना?”

“नाही. ताप येईल म्हणून पुढे ढकलली.”

“मी किती वेळा सांगितलं होतं रे!”

“आणि तू खोकत खोकत आलीस, त्याचं काय, ताई?”

“आधी तिला दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता,” ती म्हणाली.

बाळाला दवाखान्यात ठेवलं. उबळीत पोर निळी पडायची, मग ऑक्सिजन लावायचे. स्वतःच्या गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत आत्याला आत जायला बंदी होती. ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर डबा घेऊन उभी राहायची. वहिनी खाली येऊन डबा घ्यायची आणि पाठ फिरवून वर जायची.

बाळ वाचलं. घरी आल्यावर सगळ्यांनी लसी घेतल्या, बाळाचे राहिलेले डोसही सुरू झाले. दरम्यान स्थानकात रेकॉर्ड केलेल्या घोषणा सुरू झाल्या होत्या. आवाजबाईला चौकशीच्या खिडकीत बसवलं.

भाऊ अजून पाहुण्यांना सांगतो, “ताईच्या खोकल्यामुळे पोर आजारी पडली.” लसीचं तो बोलत नाही. त्याचं निम्मं खरं आहे, हेच तिला सोसवत नाही.