पायांचा नवस

माझं वय तेव्हा बारा-तेरा असेल. साल एकोणीसशे तीस-एकतीसच्या आसपासचं. त्या हिवाळ्यात गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मी विषमज्वराने अंथरूण धरलं होतं. ताप उतरला तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण मी उठून उभी राहायला गेले तर पाय लटपटले आणि मी आईच्या अंगावर कोसळले. पुढे होळी झाली, पाडवा झाला, तरी भिंतीला किंवा कुणाच्या तरी हाताला धरल्याशिवाय मला खोली ओलांडता येत नव्हती. डॉक्टर म्हणायचे, ताकद येईल, वेळ लागेल. किती वेळ, ते सांगत नव्हते. आई माझ्या पायांना तेल चोळताना मान वर करायची नाही, कारण तिचे डोळे भरलेले असायचे.

मी तापात बेशुद्ध होते तेव्हा श्रीवर्धनला माझ्या आईचे वडील, अण्णा, यांनी नवस बोलला होता. पोर वाचू दे, ती स्वतःच्या पायांनी हरिहरेश्वराची प्रदक्षिणा करील, असा. ही गोष्ट मला समजली ती वडिलांच्या तोंडून. त्यांचा नवस-सायासांवर विश्वास नव्हता. ते आईला म्हणत होते की ज्या मुलीला मोरीपर्यंत जाता येत नाही, ती डोंगर चढून समुद्राच्या खडकांवरून कशी जाणार, आणि अण्णांनी निदान दुसऱ्याच्या पायांचा नवस बोलायला नको होता. वडिलांचं काही चुकत नव्हतं. पण ते ऐकल्यापासून माझ्या मनात एक भीती बसली. मी वाचले ती काही कबूल करून वाचले, आणि ते कबूल केलेलं माझ्याकडून होणार नव्हतं. मग देव काय करील? हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. पंढरीनाथाचा फोटो समोर होता, त्याच्याकडेही मी पाहायचं टाळू लागले.

सुट्टी लागल्यावर अण्णा स्वतः मुंबईला आले आणि मला आगबोटीने श्रीवर्धनला घेऊन गेले. आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि उतारूंना लहान होडीत, पडावात, उतरावं लागायचं. खलाशांनी मला गाठोड्यासारखं उचलून खाली दिलं. किनाऱ्यावर मामा-मामी उभे होते. मामीने माझ्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही, फक्त म्हणाली, चल, आंबे उतरवलेत. मला तिच्याबद्दल त्या क्षणी फार माया वाटली.

अण्णा तेव्हा सत्तरीला आले होते. उंच, सडसडीत, सुपारीच्या झाडासारखे सरळ. सुपारीची वाडी त्यांनीच मेहनतीने वाढवलेली होती आणि आजीच्या पाठीमागे घरही त्यांनीच सांभाळलं होतं. कुणाकडून काही घेणं त्यांना जमत नसे. मामाने पाण्याची कळशी उचलू का म्हटलं तरी ते हात बाजूला करायचे. रोज पहाटे ते मला वाडीतून समुद्रावर घेऊन जायचे. पहिल्या दिवसांत मी त्यांच्या धोतराचा सोगा घट्ट धरून चालायचे. मग ओल्या वाळूवर त्यांचा एक हात पुरू लागला. मग गावामागच्या टेकाडावर आम्ही जाऊ लागलो. दोन पावलं चढायचं, बसायचं, करवंदं खायची, पुन्हा उठायचं. अण्णा घाई म्हणून करायचे नाहीत. मी दमले की तेच म्हणायचे, मी जरा बसतो.

एका सकाळी त्या टेकाडावर बसलेलो असताना माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, मला प्रदक्षिणा जमलीच नाही तर देव रागावेल का, मला परत आजारी करील का. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. ते म्हणाले, "नवस मी बोललो, बाळ. त्याचं भय तुला कशाला? तू जाशील तिथपर्यंत जाऊ. पुढचं मी आणि तो बघून घेऊ." हे बोलताना त्यांनी समुद्राच्या अंगाला, हरिहरेश्वर होतं त्या बाजूला हात केला. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, हे मामीने मला पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

वैशाखात आम्ही बैलगाडीने हरिहरेश्वरला गेलो. मामीचं माहेर तिथलंच. तिचे थोरले भाऊ देवळाजवळ राहत, त्यांच्याकडे आम्ही उतरलो. भाऊंनी ओहोटीची वेळ बघून दिली. प्रदक्षिणेची वाट देवळामागून डोंगर चढते, पलीकडे कड्याच्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरते आणि मग खडकांवरून वळसा घालून पुन्हा देवळाजवळच्या वाळूच्या पुळणीवर येते. भरतीला ही खालची वाट पाण्यात जाते. भाऊ बरोबर येतो म्हणाले, पण अण्णांनी नको सांगितलं. नवसाची प्रदक्षिणा होती, त्यांना ती माझ्याबरोबर एकट्यानेच करायची होती. सकाळी आंघोळ करून, ओला पंचा नेसून, सोवळ्यातच ते निघाले. पोटात पाण्याचा थेंबही नव्हता. आधी काळभैरवाचं दर्शन घेतलं, मग हरिहरेश्वराचं, आणि आम्ही चढाला लागलो.

चढ मला जमला. पण फार वेळ लागला. मी कितीदा बसले याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी अण्णा शांतपणे बाजूला उभे राहिले. वर वारा सुटला होता आणि खाली समुद्र असा चमकत होता की माझी भीती विरघळून गेली. कड्याच्या फटीतून उतरताना मी अण्णांचा हात धरून एकेक पायरी बसत बसत उतरले. खाली आल्यावर मोठे सपाट खडक लागले, लाटांनी पोखरून जाळीसारखे झालेले. खडकांमधल्या डबक्यांत छोटे खेकडे पळत होते. मी हसले. अण्णाही हसले, आणि ते मागे वळून मला काहीतरी दाखवत असतानाच त्यांचा पाय शेवाळावरून सरकून खडकातल्या एका भोकात गेला.

ते ओरडले नाहीत. खाली बसले आणि त्यांनी पाय दोन्ही हातांनी धरला. घोटा बघता बघता सुजला. उठायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते पुन्हा बसले. तेव्हा माझं लक्ष गेलं की आम्ही उतरलो तेव्हा कोरडा असलेला खालचा खडक आता ओला होता. पाणी फिरलं होतं. परत तो कडा चढणं अण्णांना शक्य नव्हतं आणि पुढे वळशापर्यंत अजून बरीच वाट होती. अण्णांनी ते माझ्या आधीच पाहिलं असणार, कारण ते मला अगदी सावकाश आवाजात म्हणाले की तू कड्याच्या पायऱ्यांवर जाऊन उंच बस, कुणीतरी येईल.

तेवढ्यात मला दूर, पुढच्या खडकांवर एक बाई दिसली. ती पाठमोरी वाकून कालवं फोडत होती. मी हाका मारल्या, अण्णांनीही मारल्या, पण लाटांच्या आवाजात त्या तिच्यापर्यंत पोचेनात. मग मी निघाले. अण्णा नको म्हणत होते. सुरुवातीला मी हातापायांवर रांगत गेले, गुडघे सोलवटले. मग एका रुंद फटीपाशी रांगता येईना म्हणून उभी राहिले. धरायला काही नव्हतं. तिथे मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. देवाचं नाव घेतलं असेल, आईला हाक मारली असेल. एवढं आठवतं की मोठ्याने काहीच बोलले नाही. आणि ती बाई उठून उभी राहिली, वळली आणि तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

टोपली तिथेच टाकून ती उड्या मारत आली. तरुण होती, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. मी नुसतं मागे बोट दाखवलं. ती अण्णांपाशी गेली, पायाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावरून घेऊन त्यांना उठवू लागली. अण्णा सोवळ्यात होते. क्षणभर त्यांनी अंग चोरलं, हे मी पाहिलं. मग ते उठले, पण अर्धा तोल स्वतःच सांभाळत, दुखऱ्या पायावर जोर देत. दोघंही एक-दोनदा पडता पडता वाचली. तेव्हा ती थांबली. "बाबा, असं धरून ठेवू नका," ती म्हणाली. "अर्ध्या भारानं माझाबी पाय घसरतोय. सगळं अंग टाका माझ्यावर. मी हाय न्हवं?"

अण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यातून काहीतरी सैल झालेलं मला मागून दिसलं. त्यांनी आपलं सगळं ओझं त्या अनोळखी बाईवर टाकलं, आणि मग ती दोघं नीट चालू लागली. मला धरायला तिचा हात मोकळा नव्हता. ती मागे न बघता एवढंच म्हणाली, "पोरी, मी पाय ठेवीन तिथंच पाय ठेव." मी तिच्या टाचांकडे बघत चालले. पाणी घोट्याला लागलं, एकदा पोटरीपर्यंत आलं. मी टाचांवरची नजर हलवली नाही. वळसा संपला, पायाखाली वाळू लागली आणि समोर देवळाचं शिखर दिसलं. अण्णांना तिने वाळूवर बसवलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मी पुळणीवर एकटी उभी होते. कुणालाही धरलेलं नव्हतं. ते माझ्या लक्षात त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून आलं.

एवढ्यात भाऊ काळजीने शोधत आले. या गडबडीत ती बाई कधी निघून गेली ते कळलं नाही. भाऊंनी अण्णांना आधार देऊन देवळापाशी आणलं आणि विचारलं, पुन्हा आंघोळीला पाणी काढू का, सोवळं मोडलंय. अण्णांनी हातानेच नको म्हटलं. मग म्हणाले, "तिनं इथवर आणलं तसंच आत जाऊ दे मला." तसेच ओले, वाळूने भरलेले, लंगडत ते काळभैरवापुढे गेले. मी शेजारी उभी होते. मागण्यासारखं मला काही आठवेना. भीती आपोआपच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी लुगडं आणि नारळ घेऊन आम्ही कोळीवाड्यात गेलो. अण्णा गाडीत बसून आले, घरी थांबायला तयार नव्हते. मला मनातून वाटत होतं की अशी कुणी बाई तिथे नसणारच. पण ती होती. नाव हिरा. अंगणात जाळं सांधत बसली होती. अण्णांनी गाडीतूनच तिला हात जोडले तेव्हा ती इतकी लाजली की आत पळाली. तिची सासू बाहेर आली आणि तिने तिला हाक मारून परत बोलावलं. मग समजलं की हिरा त्या खडकांवर एरवी जातच नसे. ती कालवांना नेहमी खाडीच्या बाजूला जायची. काल सकाळी सासू-सुनेचं वाजलं होतं आणि ती टोपली उचलून रागाच्या भरात उलट्या दिशेला चालू लागली होती.

अण्णांनी विचारलं की आमच्या हाका ऐकू गेल्या नाहीत, मग वळलीस कशी.

"काय ठाव न्हाय," हिरा म्हणाली. "वाटलं, सासू समजूत काढाया आली मागनं."

"मी कशाला येतेय," सासू म्हणाली, आणि दोघीही हसू लागल्या. मग सासूने गंभीर होऊन विचारलं की भांडण मी काढलं, तर लुगड्यात माझाही वाटा हाय का न्हाय. अण्णा इतके खळखळून हसले की त्यांना पाय दुखल्याचं भान राहिलं नाही. हिराची टोपली, कोयती, फोडलेली कालवं, सगळं भरतीत गेलं होतं. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. निघताना तिने शहाळी आणली आणि अण्णांनी तिच्या हातून घेऊन ती तिथेच अंगणात तोंडाला लावली. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडून काही घेताना पाहिलं, आणि ते त्यांना शोभून दिसत होतं.

त्या दिवशी जे झालं त्याला काय म्हणावं, हे मी ठरवायच्या भरीस पडले नाही. वडील म्हणायचे की समुद्राची हवा, तेल आणि महिनाभराचं चालणं यांनी पायांत ताकद आलीच होती, तुला फक्त कळली नव्हती. तसं असेलही. अण्णा कधी वाद घालत नसत. पण त्यानंतर मामा कळशी उचलायला आला की ते बाजूला व्हायचे. मलाही पुढे संसारात असे प्रसंग आले की दात-ओठ खाऊन मी सगळं एकटीच पेलू पाहत होते आणि पाय निसटत होते. अशा वेळी मी थकून हात सोडले, देवावर भार टाकला, की कुणीतरी येत गेलं. कधी शेजारीण, कधी परकं माणूस, आणि ते का आलं याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं निघालं. मी कारण विचारते, ऐकते आणि मनात नमस्कार करते.

पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीने मामाने मला मुंबईला आणून सोडलं. भाऊच्या धक्क्यावर आई एकटीच आली होती. मला उतरवून घ्यायला तिने हात पुढे केले, पण मी फळीवरून चालत खाली आले आणि तिच्यासमोर उभी राहिले. हमाल, पेटारे, आंब्याच्या करंड्या, सगळी माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होती. तिने पदर खांद्यावरून घेतला, वळली आणि समुद्राकडे तोंड करून हात जोडले. मीही जोडले. हरिहरेश्वर तिथून नेमकं कोणत्या दिशेला, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.