दाराखालचा टॉवेल

शेजारच्या मालूताईंच्या दाराखाली ओल्या टॉवेलचं टोक दिसलं, की मी ओळखतो: आत सुके बोंबील भाजले जातायत. खिडक्याही बंद असणार. वासाची तक्रार झाल्यापासून ही बाई स्वतःच्याच घरात चोरून रांधते. त्या जन्मल्या तो कोळीवाडा आमच्या गच्चीवरून दिसतो. आम्ही बाकीचे सगळे नंतर आलो, आणि नियम मात्र आमचे!

काल सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या दाराशी उभे होते. "ताई, यंदा स्नेहसंमेलनात कोळी नाच बसवा ना. आपली संस्कृती जपायला हवी."

माझं डोकंच फिरलं. यांना लुगडं हवं, दागिने हवेत, गाणं हवं. ते लुगडं नेसणारीचं जेवण तेवढं नको. याला हे लोक मिळूनमिसळून राहणं म्हणतात. त्यापेक्षा उघड भांडलेलं परवडलं.

मालूताई म्हणाल्या, "नाचेन की, भाऊ. पण नाचून दमल्यावर घरी येऊन जेवू काय?"

सेक्रेटरी नुसते हसले. दार लागलं. टॉवेलचं टोक बाहेरच राहिलं होतं. जाता जाता त्यांनी ते बुटाने आत सारलं.