चौमूंच्या टोकाचा नंबर

लग्नात राजनरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सुनंदा’ असं लिहिलं आणि साताऱ्याची प्रज्ञा तिथंच संपली, अशी खूणगाठ बाईंनी मनाशी बांधली होती. नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांमागे त्या गावोगाव फिरल्या, कुरकुर केली नाही. पण ही सल काही गेली नाही. जयपूरला आल्यावर मात्र पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी नेटवर्किंगचा कोर्स पदरात पाडून घेतला. आज खातीपुऱ्याच्या संस्थेत प्रात्यक्षिक होतं. जमलं तर तिथल्याच लॅबमध्ये नोकरी, आयुष्यातली पहिली.

टेबलाच्या एका टोकाला ‘जयपूर’ अशी चिठ्ठी लावलेला राउटर, दुसऱ्या टोकाला ‘चौमूं’ या जवळच्या गावाचा, मध्ये निरोप पुढे पोचवणारा फ्रेम रिलेचा स्विच. पद्धत जुनी, पण ती कळली की पुढचं सोपं जातं, असं निलय सरांचं म्हणणं. बाईंनी जयपूरला सर्किटचा नंबर दिला १०२, चौमूंलाही १०२. एक वाट, एक नंबर. यात चुकायचं काय? पण चाचणीचा निरोप पाठवला, तर पडद्यावर नुसती टिंबं उमटत राहिली. उत्तर नाही.

“मतलब, चौमूंकडून स्विच या वाटेला काय म्हणतो, ते बघा ना सुनंदाजी,” जयपुरातच वाढलेले सर म्हणाले.

बाईंनी पाहिलं. २०१! म्हणजे नंबर अख्ख्या वाटेचा नव्हताच. राउटर आणि त्याच्या शेजारचा स्विच, या दोघांपुरतं ते हाक मारायचं नाव. १०२ म्हणून आत शिरलेलं स्विच २०१ म्हणून पुढे सोडतो. मोठ्या जाळ्यात तर प्रत्येक स्विचपाशी नंबर बदलू शकतो, आणि तरी आतल्या निरोपाचं अक्षरही हलत नाही! बाई थक्क होऊन त्या डब्याकडे बघत राहिल्या. ज्याला हे सुचलं त्याला कोपरापासून नमस्कार, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

त्यांनी चौमूंचा नंबर बदलला. टिंबांच्या जागी उद्गारचिन्हांची रांग लागली. निरोप जाऊन परत आला होता.

“सोमवारपासून या,” सर म्हणाले.

जिना उतरता उतरता बाईंनी साताऱ्याला फोन लावला. “कोण गं?” आईचा, इंदुबाईंचा, थकलेला आवाज. एरवी बाई हट्टानं “सुनंदा बोलतेय” म्हणायच्या. आज मात्र तसं म्हणाल्या नाहीत.

“आई, प्रज्ञा बोलतेय. मला नोकरी लागली.”

“प्रज्ञा म्हणून आता सांगतेस होय?” म्हातारी हसली. “मी इतकी वर्षं दुसऱ्या कुणाशी बोलत होते?”