गायनखोलीची कडी

त्या सुताराला सारी वस्ती गुण्या म्हणत असे. लाकडाचा काटकोन ज्याने तपासतात त्या हत्याराचे हे नाव त्याला शोभे. केसभर तिरकेपणा त्याला खपत नसे. शिवाय त्याची एक सवय होती. दार असो वा कपाट, पट्टी ठोकण्यापूर्वी तिच्या आतल्या अंगाला तो पेन्सिलीने तारीख, गिऱ्हाइकाचे नाव आणि गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवी. उद्या कोणी ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ म्हणाले, तर पट्टी काढून दाखवता यावी, एवढाच हेतू.

“वहिनी हो म्हणाली, ते कुठल्या पट्टीमागे लिहून ठेवलंयस रे दादा?” असे त्याची धाकटी बहीण त्याला चिडवीत असे.

बहिणीची थट्टा एका पत्राने संपली. चर्चमधला गायनमास्तर वारला आणि त्याच्या कागदपत्रांत सापडलेले, गुण्याच्या भाचीच्या नावाचे पाकीट त्याच्या विधवेने आणून दिले. भाची तेव्हा बावीस वर्षांची होती. नऊ वर्षांची असताना जादा सरावाच्या नावाखाली मास्तराने तिला स्वतःच्या घरी बोलावून जे केले, ते तिने तोवर कोणालाही सांगितले नव्हते. पत्रात क्षमायाचना होती आणि एक वाक्य होते: ‘तू गायनवर्गात येण्याआधीच मी माझ्या खोडीबद्दल फादरांजवळ मन मोकळं केलं होतं.’

मास्तर सुटला होता. फादर उरले होते.

मुलावर अत्याचार होत असल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे, असा कायदा होता. त्याला अपवाद एकच: पापनिवेदनात, म्हणजे कोणी आपल्या पापांची कबुली देताना, धर्मगुरूच्या कानी पडलेली गोष्ट. फादरांनी जबाबात लिहून दिले की, आपणास काही ठाऊक असेल वा नसेल, ते पापनिवेदनाच्या मोहरेखाली, म्हणजे गुप्ततेच्या शपथेखाली, आहे.

“आत, पापनिवेदनात ऐकलं असेल, तर माझे हात बांधलेले,” तपास करणाऱ्या अधिकारी बाई म्हणाल्या. “बाहेर ऐकलं असेल, तर तुरुंग. आणि कुठे ऐकलं, हे त्यांनाच ठाऊक. दोन आठवड्यांत प्रकरण बंद करावं लागेल.”

भाची घरी येताना म्हणाली, “मामा, शिक्षेचं मला काही नाही. त्यांना माहीत होतं, एवढं त्यांनी माझ्याकडे बघून म्हणावं.”

“तुझं तेवढ्यावर भागेल, बाळ,” गुण्या म्हणाला. “माझं नाही भागणार.”

दुसऱ्या दिवशी एका फळीवर रंधा मारता मारता त्याचा हात मध्येच थांबला. चर्चमध्ये त्याने दोनदा काम केले होते. पहिल्यांदा पापनिवेदनाच्या खोलीची जाळी दुरुस्त केली, तेव्हा फादर शेजारी खुर्ची टाकून मोठ्या अभिमानाने बोलत बसले होते. “इथं ऐकलेलं नुसतं सांगायचं नाही, असं नव्हे हो, वापरायचंसुद्धा नाही! चोरानं इथं येऊन सांगितलं की मागच्या दाराचं कुलूप मोडकं आहे, तरी ते कुलूप मला बदलता येत नाही.” पुढे वर्षभराने त्यांनी गुण्याला पुन्हा बोलावले, ते गायनखोलीच्या दारासाठी. आतली कडी काढायची आणि वरच्या अर्ध्या भागात काच बसवायची. “काय फादर, गाणी चोरीला जातात की काय?” असे गुण्याने विचारले होते. फादर हसले नव्हते.

तो अंगावरचा भुसा न झटकताच अधिकारी बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

“कडी काढली, म्हणजे माहीत होतं, हे कबूल,” त्या म्हणाल्या. “पण आत कळलं की बाहेर?”

“तीच तर मजा आहे, बाई. बाहेर कळलं असेल, तर तुमचा कायदा मोडला. आत कळलं असेल, तर कडीला हात लावून त्यांनी देवाची शपथ मोडली. मग त्यांचेच वरचे लोक त्यांचा झगा उतरवतील. कुठूनही निघू देत. मी दोन्ही दारांशी उभा आहे.”

दोन साक्षीदारांसमोर काचेची पट्टी काढण्यात आली. आत तारीख होती, भाची वर्गात दाखल होण्यापूर्वी चार महिन्यांची. आणि खाली अक्षर: ‘फादर. आतली कडी नको. काच साधी, दुधी नको. मास्तर मुलीबरोबर आत असताना बाहेरून दिसलं पाहिजे.’

त्या पट्टीच्या जोरावर खटला उभा राहिला. न्यायालयात फादरांचे वकील गुण्यावरच उलटले. “हे वाक्य तुमच्याच हातचं. मग तुम्ही का नाही विचारलंत, ‘असं का?’ म्हणून?”

गुण्याने चष्मा काढला. “नाही विचारलं. मी काच काटकोनात बसते का ते बघत होतो. त्याचा जाब माझ्या बहिणीनं मला विचारलाय. पट्टी निघाल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. आता यांना कोण विचारतं, ते बघायला आलोय.”

न्यायाधीशांनी फादरांना विचारले. सत्याहत्तर वर्षांचा तो माणूस कठड्याला धरून उभा राहिला. त्याच्या कपाळावर साचणारा घाम गुण्या डोळ्यांची पापणी न लववता पाहत होता. इतके मन लावून त्याने आयुष्यात काही पाहिले नव्हते. शेवटी फादर भाचीकडे वळले.

“बाहेर. गायनखोलीच्या पायऱ्यांवर सांगितलं त्यानं. मला माहीत होतं.” आणि मग, हलक्या आवाजात, “मला वाटलं, काच पुरेल.”

भाची उठली आणि आईचा हात धरून बाहेर निघून गेली. तिला हवे होते ते मिळाले होते.

शिक्षा सुनावल्यावर फादरांनी व्हरांड्यात गुण्याला बोलावून घेतले. “दोन शब्द आहेत. मी तिथं जे बोललो, त्याबद्दल. पण ते आपल्या दोघांत राहतील, असं वचन द्या.”

गुण्याला एका क्षणात सारे उमगले. पायऱ्यांची गोष्ट खोटी असावी; ऐकले होते ते आतच, पापनिवेदनात. मोहर मोडल्याचे पाप झाकण्यासाठी म्हाताऱ्याने तुरुंग पत्करला होता आणि आता ते कोणाच्या तरी कानात ओतून त्याला हलके व्हायचे होते.

“बोला ना,” गुण्या व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “पण माझ्याकडे आतलं-बाहेरचं काही नाही. तुम्ही सांगाल ते मी इथल्या इथं चारचौघांना ऐकवणार.”

फादरांचे ओठ उघडले, मिटले. गुण्या हाताची घडी घालून थांबला. त्याला घाई नव्हती. शिपायाने कोपराला धरून म्हाताऱ्याला गाडीकडे नेले, तेव्हाही ते शब्द त्याच्या तोंडातच होते. ते तसेच तिथे कुजावेत, अशी गुण्याची मनापासून इच्छा होती. आणि त्या इच्छेची त्याला पुढे कधीही लाज वाटली नाही.